लव शेवटी, पापणी आधी: वन्यप्राण्यांची भावपूर्ण व्यक्तिचित्रं कशी रंगवावीत

बिबट्याच्या चेहऱ्याचं एक चित्र मी एकदा अकरा दिवस रंगवत होते. कपाळावरची बारीक लव, गालावरचे ठिपके, कानांतले पांढुरके केस, सगळं लायनर या लांब, बारीक केसांच्या ब्रशने एकेक करून काढलं. पाहायला आलेल्यांनी मेहनतीचं कौतुक केलं, पण त्या बिबट्याविषयी कुणी एक शब्द बोललं नाही. मलाही तो पेंढा भरून ठेवल्यासारखाच वाटत होता. बाराव्या दिवशी वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या गोलावर, जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची सावली घातली आणि तो एकदम कुठेतरी पाहायला लागला.

त्या दिवसापासून मी कामाचा क्रम उलटा केला. आधी प्राण्याची नजर, कान आणि मान. मग उजेड-सावली. लव सगळ्यात शेवटी, तीही लागेल तेवढीच. पुढे तोच क्रम सविस्तर मांडते आहे. उदाहरणाला बिबट्याच घेतला आहे आणि माध्यम ॲक्रिलिक आहे. जलरंगात किंवा तैलरंगात जिथे खरोखर फरक पडतो, तिथे तसं सांगेन.

आधी चेहरा वाचायला शिका

माणसांची चित्रं काढून सरावलेला हात प्राणी काढतानाही नकळत ओठांचे कोपरे वळवतो, डोळ्यांवर भुवया आणतो, बुबुळाभोवती पांढरा भाग दाखवतो. मग वाघाचं कातडं पांघरलेला माणूस तयार होतो. वन्यप्राण्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग एरवी फारसा दिसत नाही. तो दिसला तर प्राण्याने नजर पार कोपऱ्याला नेली आहे, नाहीतर तो घाबरला आहे. म्हणून तो सजावट म्हणून कधीच घालू नये.

प्राण्याची मनःस्थिती वाचायची ती चार ठिकाणी: कानांची दिशा, पापण्यांची उघडझाप, तोंडाभोवतीचा ताण आणि मानेची उंची. मांजर कुळात कान पुढे वळलेले असले की लक्ष लागलेलं असतं. कान फिरून त्यांची पाठ समोरून दिसायला लागली की धमकी. वाघाच्या कानांमागचे पांढरे ठिपके तेव्हा लख्ख दिसतात. कान डोक्याला चपटे चिकटले की प्राणी बचावाच्या पवित्र्यात आहे. हरणाची मान ताठ आणि दोन्ही कान एकाच दिशेला असतील तर त्याला काहीतरी जाणवलं आहे, पण अजून खात्री नाही. हत्तीने कान पूर्ण पसरले की तो स्वतःला मोठं करून दाखवतो आहे. अस्वलाच्या चेहऱ्यावर फार हालचाल दिसत नाही, तिथे डोकं खांद्याच्या वर आहे की खाली यावरूनच चित्र बोलतं.

फोटो पाहून रंगवणाऱ्यांची फसगत सर्वांत जास्त होते ती उघड्या तोंडापाशी. जांभई देणारा सिंह चित्रात ‘गर्जना’ होऊन बसतो. जांभईत डोळे मिटत आलेले असतात आणि चेहरा सैल असतो. धमकावताना डोळे उघडे, नजर रोखलेली आणि नाकावर सुरकुत्यांचे थर असतात. तिसरा एक प्रकार आहे: वाघ एखादा गंध हुंगून वरचा ओठ उचलतो, नाक आक्रसतो आणि तसाच क्षणभर थांबतो. तो गंध टाळूतल्या इंद्रियापर्यंत पोचवत असतो. त्यात राग अजिबात नसतो. आणि माकडाने दात दाखवले म्हणजे ते हसतंय असं आपल्याला वाटतं, पण लाल तोंडाच्या माकडांमध्ये ओठ मागे ओढून दाखवलेले दात बहुतेक वेळा भीतीचे किंवा शरणागतीचे असतात. त्याला ‘आनंदी माकड’ म्हणून उजळ रंगांत रंगवणं मला त्या जिवावर अन्याय वाटतो.

यासाठी मी एक साधी सवय लावून घेतली आहे. कॅनव्हासला हात लावण्याआधी एक वाक्य लिहायचं, आणि त्यात विशेषण नको, क्रियापद हवं. ‘रुबाबदार बिबट्या’ या शब्दांतून हाताला काहीच कळत नाही. ‘पाणी पिताना पलीकडून आवाज आला म्हणून बिबट्याने पिणं थांबवलं आहे’ या वाक्यातून सगळं कळतं. डोकं पाण्यापासून वीतभरच उचललेलं. खांद्याची हाडं कानांच्या मागे वर आलेली. एक कान पुढे, दुसरा आवाजाच्या दिशेला वळलेला, कारण दोन्ही कान स्वतंत्रपणे हलतात. नजर आपल्यावर नाही, आपल्या पलीकडे. तोंड मिटलेलं, हनुवटी ओली. हाच बिबट्या आपण शेवटपर्यंत रंगवू.

संदर्भ: पाहिलेलं आणि जमवलेलं

आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५१५ मध्ये गेंड्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं तेव्हा त्याने गेंडा पाहिलेला नव्हता. कुणीतरी लिहून पाठवलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन एवढ्यावर त्याने तो रचला. कातडीच्या घड्यांचं त्यात चिलखत झालं आणि मानेमागे एक जास्तीचं छोटं शिंग उगवलं. त्याच ड्यूररने १५०२ मध्ये ससा रंगवला तो समोर पाहून, आणि पाचशे वर्षांनंतरही तो ससा श्वास घेतो आहे असं वाटतं. एकाच कलावंताच्या या दोन प्राण्यांमधला फरक सांगतो की जिवंत प्राणी पाहायला मिळेल तेवढा पाहावा.

पाहताना रेखाटनवही उघडी ठेवा. एका रेखाटनाला तीस सेकंद. प्राणी हलला की पान न उलटता शेजारी दुसरं रेखाटन सुरू करा. प्राणी त्याच त्या बसण्या-वळण्याकडे परत येतात, तेव्हा पहिल्यावर परत जाता येतं. ही रेखाटनं सुबक नसतात, नसू देत. मानेचा बाक आणि कानांचा कोन हाताला पाठ होणं हाच त्यांचा उपयोग.

फोटो निवडताना एका बाजूने उजेड आलेला निवडा. फ्लॅशच्या फोटोत चेहरा सपाट होतो आणि डोळ्यांच्या मागचा परावर्तक पडदा चमकून नजरच नाहीशी होते. जवळून, रुंद कोनाच्या लेन्सने घेतलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. मोबाइलवरच्या बऱ्याच फोटोंत हे असतं. एकाच फोटोवर न विसंबता पाच-सहा घ्या: एक नजरेसाठी, एक कानांसाठी, एक ओल्या हनुवटीसाठी. फक्त उजेडाची दिशा सगळ्यांत सारखी हवी. दुसऱ्याचा फोटो हुबेहूब उतरवायचा असेल तर परवानगी घ्यावी. आणि स्वतः फोटो काढताना प्राण्याला खाणं टाकून किंवा आवाज काढून जवळ बोलावू नये. आपल्याला हवा असलेला चेहरा तो आपल्याला विसरल्यावरच देतो.

कवटी, मग चेहरा

जॉर्ज स्टब्स या इंग्लिश चित्रकाराने घोड्यांचं शवविच्छेदन करत दीड वर्ष काढलं आणि त्यावरच्या त्याच्या चित्रांचा संच १७६६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला तेवढं करायचं नाही, पण कातडीखाली हाड कुठे आहे हे कळायलाच हवं. बिबट्याचं डोकं म्हणजे एक गोळा आणि त्याला पुढून जोडलेली आखूड, बोथट पेटी. लांडगा-कोल्ह्यात ती पेटी लांब आणि निमुळती होते, हरणात लांब पाचर होते. डोळे गोळा आणि पेटी यांच्या सांध्यापाशी, खोबणीत बसतात.

गोळ्यावर कपाळापासून नाकापर्यंत मधली रेषा काढा. तिला काटकोनात डोळ्यांची रेषा. डोकं तिरपं असेल तर दोन्ही रेषा मिळून तिरक्या होतात. फक्त एकच तिरकी झाली की चेहरा मोडतो. आपल्या बिबट्याचं नाक खाली झुकलेलं आहे, त्यामुळे कपाळ आणि नाकाची दांडी लांब दिसेल, हनुवटी आखूड होईल आणि कान डोळ्यांपासून वर सरकतील.

डोळे मोठे काढण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण आपलं लक्षच तिथे असतं. मोठ्या मांजरांचे डोळे डोक्याच्या मानाने लहान असतात. पेन्सिलीने संदर्भचित्रावर मोजा: दोन डोळ्यांमध्ये किती डोळे मावतात, नाकाच्या रुंदीत किती. तीच मापं कॅनव्हासवर आणा. डोळा अर्ध्या मापाने मोठा झाला तरी जंगली प्राण्याचं पिल्लू होतं.

साहित्य थोडकंच

१६ × २० इंचाचा, जेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर) लावलेला कॅनव्हास घ्या. चेहरा नऊ-दहा इंच उंच बसेल, म्हणजे डोळ्यात काम करायला जागा मिळेल. रंग सहा पुरतात: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि एक थंड लाल. लाल घेताना ट्यूबवर टिकाऊपणाची खूण पाहा, कारण जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमसन उजेडात फिका पडतो. काळा रंग बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून येणारा काळा जिवंत असतो आणि तो हवा तसा थंड-उबदार करता येतो. ब्रश चार: एक इंची फ्लॅट (सपाट), आठ नंबरचा फिल्बर्ट (सपाट, पण गोलसर टोकाचा), चार नंबरचा राउंड (गोल, टोकदार) आणि एक लायनर.

ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो, जलरंग वाळल्यावर फिका. दोन्हीकडे त्या अंदाजाने रंग कालवावा. जलरंगासाठी ३०० ग्रॅम जाडीचा सुती कागद हवा, कारण भावाची जागा सापडेपर्यंत तो तीन-चार वेळा भिजणार आहे.

उजेड ठरवणं

काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या चौकटी आखून चार-पाच लहान रेखाटनं करा, फक्त तीन छटांत: उजळ, मध्यम, गडद. तपशील शून्य. इथे उजेड चेहऱ्यावर कुठून येतो ते ठरवायचं, कारण तेच कान, तीच नजर असताना उजेड बदलला की अर्थ बदलतो. वरून येणारा उजेड डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरतो आणि प्राणी जड, दूरचा वाटतो. समोरून येणारा उजेड सगळं सांगून टाकतो आणि काही राखत नाही. पाठीमागचा उजेड कडांना सोनेरी किनार देतो, पण चेहरा सावलीत ढकलतो.

मला आपल्या बिबट्यासाठी डावीकडून, थोडा वरून येणारा संध्याकाळचा उजेड हवा आहे. डावा डोळा उजेडात, उजवा सावलीत, आणि हनुवटीखाली पाण्यावरून परतलेला मंद निळसर उजेड. आवाजाकडे वळलेला कान उजव्या, सावलीतल्या बाजूचा. तो काय ऐकतो आहे ते आपल्याला दिसू नये म्हणून.

पहिले दोन थर

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात करू नका. पांढऱ्यावर प्रत्येक छटा आहे त्यापेक्षा गडद वाटते आणि आपण घाबरून सगळं फिकं ठेवतो. बर्न्ट सिएना आणि ऑकरचा वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेला थर द्या, वाळू द्या. त्यावर पेन्सिलीने मोठ्या रेषाच उतरवा. हात बसलेला नसेल तर चौकटी आखून उतरवलं तरी काही बिघडत नाही.

आता अल्ट्रामरीन-अंबरचं पातळ मिश्रण घेऊन फिल्बर्टने फक्त सावल्या भरा. ठिपके नाहीत, डोळा नाही. दोन खोबणी, नाकाखालचा भाग, सावलीतला गाल, मागचे खांदे. काम थांबवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, डोळे किलकिले करून पाहा. बिबट्या काहीतरी ऐकतो आहे हे या तीन छटांतच कळायला हवं. कळत नसेल तर पुढची कितीही लव ते आणू शकणार नाही. कानाचा कोन बदला, मान खाली घ्या. या टप्प्यावर बदल करायला दहा मिनिटं लागतात, नंतर दहा दिवस.

दुसरा थर अंगच्या रंगाचा. उजेडात ऑकर, चिमूटभर सिएना आणि पांढरा. सावलीत तेच मिश्रण, त्यात अल्ट्रामरीन आणि थोडा थंड लाल, म्हणजे ते जांभळट राखाडीकडे झुकतं. डोळ्यांखालचा, ओठांवरचा आणि हनुवटीचा पांढरा भाग इथे परीक्षा घेतो. सावलीतला पांढरा हा उजेडातल्या पिवळ्यापेक्षा गडद असतो. मनाला हे पटत नाही, त्याला ‘पांढरं’ म्हणून पांढरंच करावंसं वाटतं. कागदाला छोटं भोक पाडून त्यातून संदर्भचित्रातल्या त्या दोन जागा आलटून-पालटून पाहा, मग पटेल. शुद्ध पांढरा आपल्याला शेवटच्या चार-पाच ठिपक्यांसाठी राखायचा आहे.

डोळा

इथे घाई नको. मी एका डोळ्याला एक अख्खी बैठक देते.

सुरुवात डोळ्याभोवतीच्या काळ्या किनारीने. ती काजळासारखी एकसारखी नसते. नाकाकडच्या कोपऱ्यात ती जाड होते आणि खाली उतरून नाकाच्या दिशेने एक टोक सोडते. बाहेरच्या खालच्या कडेला बारीक होते. हे आतलं टोक नीट काढलं की मांजर कुळाची नजर आपोआप येते.

मग बुबुळ. बिबट्याचं बुबुळ फिकट सोनेरी ते हिरवट असतं. ऑकरमध्ये जरासा अल्ट्रामरीन आणि थोडा पांढरा घालून मध्यम छटा भरा. लक्षात ठेवायचं ते असं की डोळा म्हणजे रंगीत चकती नाही. तिच्यापुढे पारदर्शक भिंगाचा घुमट आहे. डावीकडून वरून आलेला उजेड त्या घुमटातून आत शिरतो आणि बुबुळाच्या विरुद्ध बाजूला, उजवीकडे खाली, जाऊन पडतो. म्हणून बुबुळ उजेडाच्या बाजूला गडद आणि पलीकडे उजळ असतं. बहुतेक जण नेमकं उलट रंगवतात आणि डोळा बटणासारखा दिसतो. उजवीकडच्या खालच्या चंद्रकोरीत थोडा जास्त ऑकर आणि पांढरा चढवा. डोळा आतून पेटल्यासारखा होईल.

बाहुलीचा आकार प्राण्याप्रमाणे बदलतो आणि तिथे चूक झाली तर जाणकार लगेच थांबतो. बिबट्या, वाघ, सिंह यांची बाहुली गोल असते, घरच्या मांजरासारखी उभी चीर नसते. लांडग्याची गोल, खोकडाची (इंग्रजीतल्या फॉक्सची) उभी, हरणाची आडवी. भर उन्हात ती लहान होते, अंधुक उजेडात मोठी. आपल्या संध्याकाळी ती मध्यमपेक्षा थोडी मोठी हवी. कड अगदी कापल्यासारखी नको, किंचित मऊ ठेवा. आणि दोन्ही बाहुल्या एकाच ठिकाणी पाहतात ना, हे पट्टीने तपासा. त्या एकमेकींपासून थोड्या जरी फाकल्या तरी ऐकणारा प्राणी भांबावलेला दिसतो.

आता पापणीची सावली. वरची पापणी डोळ्याच्या पुढे असते, तिची आणि तिच्या केसांची सावली गोलावर पडते. अल्ट्रामरीन-अंबरचं पाण्यासारखं पातळ मिश्रण राउंड ब्रशच्या टोकावर घ्या आणि बुबुळाच्या वरच्या पाव भागावर, बाहुलीवरूनही, गोलाच्या वळणाने एक पट्टा ओढा. ओला असतानाच त्याची खालची कड कोरड्या ब्रशने पुसट करा. वाळू द्या, हवं तर पुन्हा एक पातळ थर. याच क्षणी नजर सुरू होते. सावलीची रुंदी हा भावाचा खटका आहे. रुंद केलीत तर प्राणी निवांत, पेंगुळलेला. अगदी अरुंद केलीत आणि बुबुळाचा वरचा काठ उघडा पडला तर तो दचकलेला. आपला बिबट्या खाली मान घालून समोर पाहतो आहे, म्हणून बुबुळाचा वरचा काठ पापणीखाली झाकलेला आणि खालचा काठ जवळपास पूर्ण दिसणारा.

शेवटी चमक. एका डोळ्यात एकच. ती घुमटावर असते, म्हणून पापणीच्या सावलीवरूनही ती दिसते. डावीकडे वर, बाहुली आणि बुबुळाच्या सीमेवर बसली तर उत्तम. ड्यूररच्या सशाच्या डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब आहे, कारण तो खोलीत होता. आपला प्राणी उघड्यावर आहे, त्याच्या डोळ्यात आकाश हवं: निळसर पांढरा छोटा तुकडा, खालून झाडांच्या काळोखाने कापलेला. सावलीतल्या डोळ्यातली चमक निम्म्याहून लहान आणि राखाडी. दोन्हीकडे सारखी ठेवली तर उजेडाची सगळी बांधणी कोसळते. खालच्या पापणीची ओली कड लायनरने, केसाएवढी, तीही सलग नको.

नाक आणि तोंड

नाक विटकरी गुलाबी, कडेला गडद. वरची सपाट बाजू आकाश झेलते, म्हणून तिथे थंड चमक. पुढची बाजू उबदार. नाकपुडीत काळा ओतू नका, अंबर आणि लाल मिसळून खोल उबदार तपकिरी भरा, नाहीतर तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. तोंडाची रेषा सलग ओढली की हसू उमटतं. ती मध्ये गडद, कोपऱ्यांकडे विरत जाणारी, एकदोन ठिकाणी केसांनी तुटलेली असावी.

ठिपके आणि लव

बिबट्याच्या चेहऱ्यावर लहान भरीव ठिपके असतात, मानेवर ते मोठे होतात आणि अंगावर त्यांची तुटक कडी असलेली फुलं होतात, आतला भाग भोवतालच्या रंगापेक्षा जरा गडद. चित्त्याचे ठिपके सगळीकडे भरीव, आणि त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. जग्वारच्या फुलांच्या आत आणखी ठिपके. हे एकमेकांत मिसळू नका. गोलाईच्या कडेला गेलेला ठिपका अरुंद होतो. तो समोरच्याइतकाच रुंद काढला तर चेहरा सपाट पडतो. जहांगीरला १६२१ मध्ये झेब्रा भेट मिळाला तेव्हा पट्टे कुणीतरी रंगवले असावेत असं काहींना वाटलं होतं. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने तो झेब्रा रंगवला तेव्हा पट्टे अंगाच्या गोलाईबरोबर वळवले, म्हणून ते वरून ओढलेले वाटत नाहीत.

ठिपका सगळीकडे एकाच काळ्याने भरू नये. उजेडात तो गडद तपकिरी, सावलीत निळसर काळा. भरून झाल्यावर अंगच्या रंगाचे दोन-तीन केस लवेच्या दिशेने त्याच्या कडेवरून न्या, म्हणजे तो कातडीतून उगवल्यासारखा होतो.

लवेआधी एका कागदावर चेहरा काढून त्यावर बाण काढा. नाकाच्या टोकापासून लव वर कपाळाकडे जाते, डोळ्यांना वळसा घालते, गालावरून मागे वळते. नाकाच्या दांडीवर सर्वांत आखूड, गाल-मानेवर लांब. मग कॅनव्हासवर एकेक केस न काढता फिल्बर्टचे केस फाकवून, जवळजवळ कोरड्या रंगाने, झुबके काढा. सुटे केस फक्त दोन जागी: उजेड सावलीत वळतो तिथे आणि डोळ्यांच्या आसपास. भर उजेडात आणि भर सावलीत जवळपास काहीच नको. तैलरंगात वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर पुढे तडे जातात.

इतर प्राण्यांविषयी दोन शब्द. अस्वलाचा काळा कोट काळ्याने भरू नये. निळसर राखाडी चमकांनी घडवावा आणि मध्ये काळोख सोडावा. काळतोंड्या वानराचा चेहरा म्हणजे अंधाराभोवती पांढुरक्या केसांचं वलय. त्यात भुवईचं हाड आणि नाकाच्या कडेवरचा पुसट उजेड एवढ्यावरच भाव तोलावा लागतो. हत्तीत लवेचं काम सुरकुत्या करतात. प्रत्येक सुरकुती काढू नका. डोळ्याभोवतीच्या तेवढ्या नीट काढा, तिथे लांब पापण्यांखाली तपकिरी डोळा किती लहान आहे ते मोजा, आणि आशियाई हत्ती असेल तर सोंडेवर आणि कानांच्या कडांवर येणारे गुलाबी ठिपके विसरू नका.

कडा आणि पार्श्वभूमी

स्टब्सने १७६२ च्या सुमारास ‘व्हिसलजॅकेट’ नावाचा घोडा जवळपास खऱ्या आकारात रंगवला आणि त्यामागे काहीच काढलं नाही. ना झाड, ना जमीन. लंडनच्या नॅशनल गॅलरीत तो आजही आहे आणि त्या रिकामेपणामुळेच दुसरीकडे पाहता येत नाही. व्यक्तिचित्रात बांबूची पानं आणि सूर्यास्त आणले की लक्ष फाटतं. मी पार्श्वभूमी सावलीतल्या अंगरंगातूनच कालवते, थोडा निळा जास्त घालून, म्हणजे प्राणी आणि हवा एकाच उजेडात राहतात.

सर्वांत धारदार कड उजेडातल्या डोळ्याची. तिथून जसजसं दूर जाल तशा कडा मऊ होऊ द्या. मागचे खांदे काळोखात विरघळले पाहिजेत. ते आहेत एवढं कळलं की पुरे. रंग ओला असतानाच कोरड्या फ्लॅटने एकदा हलकेच ओढलं की कड हरवते. ॲक्रिलिक लवकर वाळतो, म्हणून खांदे आणि त्यामागची जागा एकाच दमात रंगवा.

मिशा आणि पाणी

चित्र आरशात पाहा, उलटं धरून पाहा, मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहा. जे खटकेल ते आताच दुरुस्त करा, कारण मिशा आल्यावर खालचं काही हलवता येत नाही.

मिशा वरच्या ओठावरच्या काळ्या ठिपक्यांच्या ओळींतून निघतात. रंग शाईइतका पातळ करा, लायनर भरा, मुळापासून सुरू करून एका झटक्यात बाहेर ओढा आणि शेवटी ब्रश उचला. आधी जुन्या कागदावर वीस-तीस वेळा करून हात मोकळा करा. उजेडाच्या बाजूला आठ-दहा पुरतात, सावलीत तीन-चार, त्याही राखाडी. सगळ्या समांतर नकोत. जलरंगात मिशांच्या जागी सुरुवातीलाच मास्किंग फ्लुइड (कागदाला रंग लागू न देणारा द्रव) लावावं किंवा शेवटी पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग) वापरावा.

आता राहिली हनुवटी. ओल्या केसांचे झुबके टोकदार होतात आणि कोरड्यापेक्षा गडद दिसतात, म्हणून हनुवटीच्या पांढऱ्यात निळसर राखाडी चार-पाच अणकुचीदार टोकं काढा. त्यातल्या एकाला थेंब लटकू द्या. थेंबही डोळ्यासारखाच पारदर्शक घुमट आहे: डावीकडे वर छोटी चमक, तिच्या लगत गडद, आणि पलीकडे उजवीकडे खाली आतून उजळलेली कोर. मघाशी राखून ठेवलेला शुद्ध पांढरा इथे वापरा, टोकाएवढाच. थेंब अजून पडलेला नाही एवढं दिसलं की बिबट्याने पिणं नुकतंच, याच क्षणी थांबवलं आहे हे कळतं. ब्रश धुऊन ठेवा.